तिसऱ्यांदा परत आलेलं घड्याळ

डोळा लागला की घड्याळजींच्या खोलीत पाणी भरायचं. आधी खाटेच्या पायांशी, मग गादीपर्यंत, मग खाटच अलगद तरंगू लागायची. खिडकीतली दुपार, सलाईनची बाटली, दारामागे टांगलेले निळे डगले, सगळं हळूहळू डुलायचं. तळाशी त्यांच्या दुकानातली घड्याळं पडलेली असायची, भिंतीवरची, मनगटावरची, गजराची. सगळ्यांचे काटे फिरत, पण आवाज एकाचाही नाही. मग पोटात कळ उठायची आणि पाणी ओसरायचं.

परत येण्याची ही तिसरी खेप होती. मुळात ते छातीत कफ साठला म्हणून आले आणि तीन आठवडे राहिले. कफ गेला, पण कफाच्या औषधांनी जाता जाता पोटातले कामसू, निरुपद्रवी जंतूही मारले आणि त्या रिकाम्या घरात एक उपरा जंतू शिरला. घरी जाताच जुलाब, ताप, अंगात त्राण नाही, म्हणून परत. औषधाने बरे झाले, घरी गेले, वीस दिवसांनी परत. पुन्हा बरे, पुन्हा घरी, पुन्हा परत. आता त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं आणि येणाऱ्याने डगला-हातमोजे घालायचे होते.

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "वय पंचाहत्तर. चौथ्यांदा झालं तर शरीराला झेपेल असं मी म्हणणार नाही."

बाजूला म्हणजे दारातच. आणि घड्याळजींचे कान चाळीस घड्याळांतून लंगडणारं एक ओळखणारे. त्यांनी ऐकलं.

दुकानात त्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेलं घड्याळ एकदा परत आलं तर नशीब म्हणायचं. दोनदा आलं तर घड्याळाचा स्वभाव. तिसऱ्यांदा आलं तर चूक घड्याळजीची.

"अगं, माझी चूक कुठे झाली असेल?" त्यांनी विचारलं.

"तुमची कसली चूक? आणि झाली असती तरी तुम्ही कबूल केली असती होय? 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाला असतात."

डगल्याच्या बाह्या तिला लांब होत होत्या. त्या सावरत ती हसली, तसे तेही हसले. पन्नास वर्षांपूर्वी ती वडिलांचं खिशातलं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानाची पायरी चढली होती. चाकाच्या दातात धुळीचा कण अडकला होता. काम दहा मिनिटांचं. त्यांनी सहा महिने लावले. दर आठवड्याला ती यायची आणि दर आठवड्याला ते म्हणायचे, पुढच्या आठवड्यात या. तेच घड्याळ आता त्यांच्या उशीखाली टिकटिकत होतं. त्याच्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

दुपारी सिस्टर आल्या. मजल्यामजल्यावर फिरून आजार कुठून कुठे जातो ते शोधायचं, हे त्यांचं काम. मोठ्या डॉक्टरांनाही त्या हात धरून बेसिनपाशी नेत, म्हणून सगळे त्यांना पाणीवाल्या सिस्टर म्हणत.

"आजोबा, घरी असताना दाताबिताचं काही औषध घेतलंत?"

"दात असतील तर घेईन ना."

"पित्ताची गोळी?"

"ती काही औषधात मोजत नाही हो," बायको म्हणाली. "पहिल्या वेळी दिली होती, तेव्हापासून रोज सकाळी अनशापोटी देते."

"थांबवा म्हणून कुणी सांगितलं नाही?"

"चालू ठेवा म्हणूनही नाही. म्हटलं, एवढीशी तर आहे, असू दे बिचारी."

सिस्टरांनी कागदावर टिपलं. "पोटातलं आम्ल म्हणजे दारावरचा राखणदार. ती गोळी त्याला झोपवते. डॉक्टरांना विचारते, गरज नसेल तर बंद करतील." मग त्या थांबल्या आणि मास्कमधून दोनदा हुंगल्या. "हा वास कसला?"

घड्याळजींनी खाटेलगतच्या कपाटातून एक छोटी निळी बाटली काढली. आता त्यांच्या आवाजात कारागिराची ऐट आली. "स्पिरिट. दर तासाला हात पुसतो. खाटेची कड, चमचा, घड्याळ. घरी तर नळ, कड्या, सगळंच. पाण्याला मी हात लावत नाही, सिस्टर. पाणी म्हणजे गंज. पन्नास वर्षांत ओल्या हाताने एका चाकाला शिवलो नाही."

"आंघोळसुद्धा उसनी आणल्यासारखी करतात," बायको म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या. "आजोबा, हा जंतू वेगळा आहे. वेळ वाईट आली की अंगाभोवती टणक कवच करतो आणि आत झोपतो. कडीवर, नळावर, चादरीत, महिनोन्महिने. स्पिरिट त्याच्या अंगावरून निघून जातं, त्याला जागही येत नाही. साबणाने चोळून, वाहत्या पाण्याने त्याला हातावरून ढकलून द्यावं लागतं. मग हात तोंडाशी जातात तेव्हा तो बरोबर जात नाही."

घड्याळजी बाटलीकडे बघत राहिले. "म्हणजे मी त्याला रोज अत्तर लावत होतो."

"एकट्या यानेच झालं असं नाही. वय आहे, कफाची औषधं, ती गोळी, इस्पितळातले इतके दिवस. एकाचे दात दुसऱ्यात अडकलेले."

"चाकं मला कळतात," ते म्हणाले. "त्यातलं एक माझ्या हातातलं होतं."

मग सिस्टरांनी उशीकडे बोट केलं. खाट ब्लीचच्या पाण्याने पुसून घेणार होते. घड्याळही त्याच पाण्याने पुसायला हवं, नाहीतर ते घरी न्यायचं नाही.

"ब्लीच आत गेलं तर मशीन मेलं," घड्याळजी म्हणाले.

"मग टाकून द्या," बायको म्हणाली. तिच्याच वडिलांचं घड्याळ, पण ती कुणाकडे बघत नव्हती. "मला घड्याळ परत यायला नको, माणूस यायला हवा."

त्यांनी उशीखालून घड्याळ काढून उलटंपालटं केलं. "उद्या दुकानातून बारीक पेचकस, चिमटा आणि झाकणाची डबी आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईनचा दांडा एका हाताने ओढत ते बेसिनपाशी गेले. बायकोने नळ सोडला. त्यांनी हात पुढे केले आणि मागे घेतले, मग पुन्हा पुढे केले. साबणाचा फेस बोटांच्या बेचक्यांत गेला, नखांखाली गेला. कोवळं ऊन पाण्याबरोबर वाहत होतं. त्यांना वाटलं, हे तर आपल्या झोपेतलंच पाणी, फक्त आता भरत नाही, चाललं आहे. शेजारी ती गुणगुणत होती, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू:

*वाहत्या पाण्या बाई, एवढं घेऊन जा गं दूर,*
*माझ्या माणसाच्या घराची उतरू दे हुरहूर.*

कागदाने हात पुसून, ओल पुरती जाईपर्यंत ते बोटं हवेत धरून बसले. मग घड्याळाचं झाकण उघडलं, स्क्रू सोडवले आणि थांबले. घड्याळाच्या बाहेरच्या केसला हात लागला होता, हात पुन्हा मळले होते. चिमटाही. कुणी सांगायच्या आत ते उठले आणि हात नि चिमटा दोन्ही दुसऱ्यांदा धुऊन आले. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त मान हलवली.

धुतलेल्या, वाळलेल्या बोटांनी त्यांनी मशीन उचललं. या आजारपणात कुणाचा हात न लागलेला तो चाकांचा इवला संसार डबीत गेला आणि अंगावर कपडा नसलेल्या बाळासारखा टिकटिकत घरी गेला. केस ब्लीचच्या पाण्यात बुडाली. वर आली तेव्हा तिचं सोनेरी पाणी उडालं होतं.

चौदा दिवसांनी त्यांना घरी सोडलं. पित्ताची गोळी बंद झाली होती. बायकोने आधीच कड्या, नळ, संडास ब्लीचने पुसून ठेवले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, परत यायचं असलं तर बहुतेक आठ आठवड्यांत येतं. तेवढे सांभाळा.

ते आठ आठवडे दोघांनी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे काढले, फार हालचाल न करता. सहाव्या आठवड्यात एका सकाळी पोटात कळ आली. बायको चुलीपाशी होती, तिने आच बारीक केली आणि तशीच उभी राहिली. घड्याळजी संडासाच्या दाराशी बसून राहिले, डबीतली टिकटिक ऐकत. एक तास. दोन. कळ आली तशी निघून गेली, मागे काही न ठेवता. मग दोघं जेवली.

नवव्या आठवड्याच्या पहिल्या दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. पाणी आलं, पण घोट्याएवढंच. तळाची घड्याळं दिसत होती, आणि आज ऐकूही येत होती.

जाग आल्यावर त्यांनी हात धुतले, वाळू दिले आणि मशीन त्या फिक्या केसमध्ये बसवलं. झाकण मिटलं. दुकानात गिऱ्हाइकाला देत तसं दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"घ्या बाई. झालं तुमचं काम."

तिने ते कानाला लावलं, मग त्यांचा हात नाकाशी नेला. साबणाचा वास होता. "पुढच्या आठवड्यात येऊ का?" तिने विचारलं.

"नको," घड्याळजी म्हणाले. "आता परत यायचं काम नाही."