पाठीवरचा गार हात

भूत उतरवणाऱ्या बाबांचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. समोरच्या टेबलावर माझी वहिनी पालथी झोपली होती. तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, मुठीएवढी गाठ होती.

"लावा हात!" बाबा म्हणाले. पुढच्या बायकांनी लावला आणि झटकन मागे घेतला. "गळू असतं तर तापलं असतं, लाल झालं असतं. ही गार! का? हा मेलेल्या सासूचा तळवा आहे!"

ती सासू म्हणजे माझी आई. वर्षापूर्वी खोकून खोकून गेली. वहिनीनेच तिचं सगळं केलं. गाठ आल्यापासून वहिनी भिंतीला पाठ लावूनच बसायची. रोज संध्याकाळी कणकण यायची, कपडे ढगळ होत चालले होते. "आई मागे उभ्या आहेत," एवढंच म्हणायची. ती म्हणाली की मीही नकळत तिच्या मागे बघायचे.

बाबांनी ओला कापूस गाठीवर दाबला, काहीतरी पुटपुटले आणि त्यातून हातभर लांब पांढरे केस ओढून काढले. "ओळखा, कोणाचे!"

दादा ढसाढसा रडायला लागला. मला मात्र ओळख पटेना. शेवटच्या आजारात आईचे केस मीच कापले होते, बोटभर. केस कापायच्या दुकानात माझी बारा वर्षं गेलीत. खाली पडलेला एक केस मी टेबलावरच्या मेणबत्तीवर धरला. खऱ्या केसाची राख होते. हा वितळला, टोकाला टणक मणी झाला.

"बाबा, माझी आई नायलॉनची होती का हो?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी कापसाच्या भांड्यात हात घातला. प्रत्येक बोळ्यात एकेक गुंडाळी तयार!

घरी येताना दादा चिडून म्हणाला, "केस खोटे, मान्य. मग गाठ गार का?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून आम्ही दवाखाना गाठला आणि तिथे तेच विचारलं.

"प्रश्न बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "क्षयाचा पू असाच साचतो, न तापता. आम्हीही त्याला थंड गळूच म्हणतो." एमआरआयमध्ये मणके शाबूत निघाले. रोग पाठीच्या स्नायूतच बसला होता. असं फार क्वचित होतं, म्हणाल्या. सुईने पू काढला, तपासणीत क्षयाचे जंतू सापडले.

"घरात कोणाला खोकला होता?"

"आईला. पाच महिने," दादा म्हणाला. "याच बाबांचं औषध चालू होतं."

"थुंकी तपासली होती?"

"नाही," दादा म्हणाला.

वहिनीने हळूच विचारलं, "म्हणजे आईंनीच दिलं मला?"

"जंतू बहुधा तिथूनच आले. पण त्यांनी दिले नाहीत हो. त्याही तुमच्यासारख्याच आजारी होत्या."

आई गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदा तिच्यासाठी रडली.

दोनदा पू काढावा लागला. गोळ्या नऊ महिने चालल्या. मळमळायचं, तरी तिने एकही चुकवली नाही. आम्हा सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. गाठ विरली.

आईचं भूत बाबाने केलं. तिचा खोकला ऐकून स्वस्थ बसलो, ते आम्ही. म्हणून सांगते, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा. गाठ तापो न तापो, डॉक्टरला दाखवा. आणि एखादी गोष्ट कळली नाही, तर तिथे भूत उभं करू नका. "कळत नाही," म्हणा आणि विचारायला जा.