नकाराची खूण

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ कीबोर्डवरच्या एका हिरव्या दिव्यात असतं — कॅप्स लॉकच्या — हे सत्य त्याला कॉम्प्युटर विभागातल्या वीस वर्षांच्या नोकरीत उमगलं होतं, आणि आताही ऑफिसातल्या सगळ्यांच्या मामांच्या टेबलाशी वाकून तो तोच दिवा न्याहाळत होता. दिवा बंद होता.

म्हणजे पासवर्ड विसरलेत... विसरणारच. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी ही जमात. "टाका बरं, माझ्यासमोर टाका." नकाशे काढण्यात हयात घालवलेल्या मामांनी एका बोटाने, बी पेरावं तसं एकेक अक्षर टाकलं. लॉगिन झालं. मग सर्व्हरवरच्या 'नकाशे' फोल्डरवर क्लिक केलं, आणि पडद्यावर आलं: परवानगी नाही.

"बघा. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

चुकतंयच. तो मामांच्या खुर्चीत बसला — खुर्ची अजून कोमट होती, ई — आणि त्याने स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. फोल्डर उघडून दाखवायचा आणि निघायचं, एक अक्षर न बोलता. खरी चपराक न बोलण्यातच असते...

परवानगी नाही.

मग अ‍ॅडमिनच्या खात्यातून परवानग्यांची यादी. 'तात्पुरते' या गटापुढे नकाराची खूण, चार वर्षांपूर्वी त्यानेच केलेली. भर बैठकीत काय ऐटीत सांगितलं होतं — दहा ठिकाणी होकार असू द्या, एक नकार सगळ्यांना पुरून उरतो. आज आहेत उद्या नाहीत अशा लोकांना नकाशे हवेत कशाला? — आणि साहेब हसले होते, आणि मी... मी त्या हसण्यावर आठवडाभर तरंगत होतो. गटात अकरा नावं, आस्थापना विभागाच्या यादीतून आपोआप आलेली. दहावं मामांचं. अकरावं...

त्याने ते दोनदा वाचलं. आडनावसुद्धा बरोबर लिहिलं होतं. एरवी कधी लिहीत नाहीत.

"एक तारखेपासून मी कंत्राटावर," मामा मागून म्हणाले. "निवृत्तीनंतर वर्षभर ठेवलंय. तुमचंही कंत्राटच केलं म्हणे. कळवलं असेल की."

"हो हो. कळवलंय."

कुणीही कळवलं नव्हतं. खूण काढावी, तर चार वर्षांचं शहाणपण आपल्याच हाताने पुसायचं. आपलं नाव तेवढं गुपचूप उचलून कायम लोकांत टाकावं — पकडणार कोण, पकडणारा तो एकटाच — तर पाठीशी मामा उभे, चष्मा डोळ्यांवर. माउसवरचं बोट तसंच राहिलं. तिरस्कार होता, भरपूर होता, फक्त तो ठेवायला जागा सापडत नव्हती...

"अहो, एवढं मनावर नका घेऊ. काम कुठे अडलंय?" मामा म्हणाले. "त्या पलीकडच्या तिघी कंत्राटी पोरी देतात ना, कायम लोकांकडून पेनड्राइव्हवर आणून सगळं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, म्हणतात."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"न विचारता घेतलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

पलीकडच्या तिन्ही टेबलांवर नकाशे उघडे होते.