चंद्रकांताबाईंचं वाचन

उमराव गुरुजींची नजर काचबिंदूनं गेली, तेव्हापासून त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई त्यांच्यासाठी वाचत आल्या. केशोरी गावातल्या घरी सकाळचा चहा झाला की गुरुजी ओसरीवर खुर्ची ओढून बसत आणि बाई पेपर उघडत. नुसतं वाचतील तर त्या चंद्रकांताबाई कसल्या! मधेच थांबून एखाद्या पुढाऱ्याला झापायच्या, फोटोतल्या नवरीच्या शालूचा रंग सांगायच्या. पेपर संपला की संस्थेचं टपाल.

संस्था म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली आणि आसपासच्या गावांतली वीस-पंचवीस अंध माणसं. गुरुजींनीच ती उभी केली होती. कुणाचा निराधार योजनेचा अर्ज, कुणाचा एसटीचा पास, कुणाला पांढरी काठी. सगळे कागद बाईंच्याच डोळ्यांखालून जात.

नागपूरच्या कुणीतरी संस्थेला जुना लॅपटॉप दिला होता, पण तो फडक्यात गुंडाळून पडला होता. पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागे, आणि तो एवढ्याशा संस्थेला परवडणारा नव्हता. मग एक दिवस गोंदियाहून टीना आली. तिशीतली, जन्मापासून अंध, लहान लहान संस्थांना संगणक शिकवत फिरणारी. अर्जुनीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं ती एकटीच आली होती. तिनं पेनड्राइव्हमधला एक प्रोग्रॅम लॅपटॉपात टाकला आणि लॅपटॉप बोलायला लागला.

गुरुजींचा आधी विश्वास बसेना. फुकटची वस्तू म्हणजे आज चालू, उद्या बंद, असं त्यांचं म्हणणं. टीनानं समजावलं, की हा प्रोग्रॅम अंध माणसांनीच बनवला आहे, आणि तो कसा बनवला तेही सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आहे. कुणीही घ्यावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा.

"काकाजी, इसको कोई ताला नहीं लगा सकता," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या लोकांना वाटा."

आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. तालुक्याच्या ऑफिसचं ईमेलनं आलेलं एक पत्र उघडलं, तर त्यात तालुक्याचं नाव थोडक्यात लिहिलेलं 'अर्जुनी/मोर.' ते लॅपटॉपनं 'अर्जुनी भागिले मोर' असं वाचलं. गुरुजी हसून हसून बेजार झाले. प्रोग्रॅमच्या शब्दकोशात दुरुस्ती कशी घालायची ते टीनानं दाखवलं, आणि गुरुजींनी चाचपत चाचपत स्वतःच्या हातानं तालुक्याचं नाव सरळ केलं. लॅपटॉप 'अर्जुनी मोरगाव' म्हणाला, तेव्हा पोरानं पाढा बरोबर म्हटल्यासारखे ते त्याला 'शाब्बास' म्हणाले. दारात उभ्या असलेल्या चंद्रकांताबाईही हसल्या. टीनाला त्यांनी आग्रह करकरून जेवू घातलं.

थोड्याच दिवसांत गुरुजी तरबेज झाले. आवाजाचा वेग त्यांनी इतका वाढवला, की बाईंना त्यातलं अवाक्षर कळेना. ईमेलनं येणारी पत्रं ते स्वतः ऐकत, उत्तरं स्वतः टाइप करत. पेपरही लॅपटॉपवरच. सकाळी बाई ओसरीवर यायच्या तेव्हा गुरुजींच्या कानात इअरफोनची वायर असायची. पेपर हातात धरून त्या जरा वेळ उभ्या राहत आणि आत जात.

त्यांना आनंद झाला नव्हता असं नाही. इतक्या वर्षांनी माणूस कुणावाचून न अडता काम करत होता. पण सकाळ अंगावर यायची. भांडी घासून झालेली असायची, अंगण झाडून झालेलं असायचं, आणि तरी काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनी पेपरवाल्याला नको म्हणून सांगून टाकलं.

ओसरीवर पेपर पडल्याचा आवाज येईना, तसं गुरुजींनी विचारलं, "पेपर काऊन नाही आला?"

"मीच बंद केला. तुमाले आता कायले पायजे?"

"रुसली का?"

"मी कायले रुसू? तुमचं तुमाले वाचता येऊन राहिलं, चांगलंच झालं." बाई उंबऱ्यावरच बसल्या. "पण मी आता सकाळी काय करू, हे सांगा ना जी."

दिवसभर गुरुजींनी लॅपटॉप उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरुजी भिंतीच्या आधारानं आले, शेजारी खालीच बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"चंद्रा," ते म्हणाले, "इतके वर्षं मले पायजे ते तू वाचलं. तुले काय वाचावंसं वाटते, हे मी कधी पुसलंच नाही. आता सांग. मी वाचून दाखवतो."

बाईंचा हात सुपात थांबला. सातवीत शाळा सुटली, मग घर, मग गुरुजींचे कागद. असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तांदळातला एक खडा वेचून त्या म्हणाल्या, "समुद्राचं काही हाये का त्यात?"

इटियाडोहच्या धरणाहून मोठं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुजींनी शोधलं. कोकणातल्या कुणा होडीवाल्यानं लिहिलेल्या आठवणी सापडल्या. वायरीचं एक टोक त्यांनी एका कानात घातलं. डब्यातला तो आवाज कानात एक वाक्य म्हणे, आणि गुरुजी तेच वाक्य आपल्या आवाजात मोठ्यानं म्हणत, पूर्वी शाळेत धडा वाचत तसे. दोन वाक्यांच्या मधे ऐकण्यापुरती शांतता पडायची. एका ठिकाणी ते स्वतःच आधी हसायला लागले आणि सांगेचनात, तेव्हा बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

मग होडी वाळूवर टेकली आणि ओहोटी लागली. बाईंनी सूप बाजूला सरकवलं.

"पाणी मागं जाते, म्हणजे जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

"थांब," गुरुजी म्हणाले, "पुढं सांगितलं असंल," आणि त्यांनी कानातली वायर नीट बसवली.