अकरावा नंबर

मायच्या तेरवीची पंगत उठली होती. गीतांजली ओसरीतल्या पत्रावळी गोळा करत होती, तेवढ्यात शेजारच्या भीमाकाकूंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पदराची गाठ सोडली. आत वहीच्या कागदाची पुडी होती. पुडीत एकच लाल गोळी.

"गीता, असली अजून हाय का गं घरात? ही शेवटची. जपून ठेवलीय."

गोळी तिनं लगेच ओळखली. नांदेडच्या दुकानातून दर महिन्याला व्हिटॅमिनची हीच बाटली घ्यायची, कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर जाण्याआधी बसस्टँड गाठायचं, मुखेडच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती बाटली द्यायची आणि मायला फोन करायचा: साडेअकराला फाट्यावर जा. दिवाळीपासून हे चाललं होतं. गुडघे दुखतात, जळजळतं, मुंग्या येतात, या रोजच्या यादीत मायनं एकदा 'दम लागायलाय' असंही सांगितलं होतं. यादीत ते चौथं होतं.

"काकू, ही तुमच्याकडं कशी?"

"वाणात दिली की तुझ्या मायनं! संक्रांतीला. समद्या जणी कंगवे न् वाट्या लुटायल्या, अन् रुक्मिणबाईनं पुड्या काढल्या. दहा-दहा गोळ्या! लई हसलो आम्ही. म्हनलं, रुक्मिणे, वाण लुटायलीस का दवाखाना?" काकू हसल्या, आणि आजचा दिवस आठवून त्यांनी पदर तोंडाला लावला. "पर गुण आला माय. माझ्या पायाच्या मुंग्या कमी झाल्या. मंग दर महिन्याला देत गेली."

"आणि ती स्वतः? ती खात नव्हती?"

फोनवर गीतांजली दर वेळी विचारायची. माय दर वेळी म्हणायची, घेते की.

"न्हाई. म्हनायची, माझा नांदेडात मोठ्या डाक्टरकडं नंबर लागलाय. गीतानं लावलाय. माझं तिथं बघतेत. ज्यांचा नंबर न्हाई त्यांनी गोळ्या खावा."

गीतांजलीनं हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या.

हृदयाचे ते डॉक्टर हैदराबादहून महिन्यातून एकदा, गुरुवारी यायचे. पहिला नंबर संक्रांतीच्या आठवड्यातला होता. त्या दिवशी कॉलेजात तपासणीची समिती आली. दुसऱ्या महिन्यात पुस्तकांची मोजणी निघाली. रजा मिळाली नसती असं नाही. तिनं मागितली नव्हती. दोन्ही वेळा कंपाउंडरला फोन केला, पुढं ढकला. दोन्ही वेळा मायला सांगितलं, तोवर गोळ्या घे.

"एक बोलू का?" काकू म्हणाल्या. "राग नको मानूस. तू गाडीनं पाठवायला नको व्हतंस. फाट्यापस्तोर जायचं म्हंजे तिला तीन जागी बसावं लागायचं. मी म्हनलं, मी आणते. तर म्हने, लेकीनं पाठवलंय, मीच जाणार. शेवटच्या खेपेला तर बाभळीखाली आडवीच झाली घडीभर."

बाहेर अण्णा, गीतांजलीचे वडील, कुणाला तरी पाणी द्या म्हणत होते. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, लगबगीतला, स्टँडवरच्या गोंगाटातला: माय, साडेअकरा, उशीर करू नको, गाडी थांबत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नांदेडच्या दवाखान्यातला कंपाउंडर भुजंग.

"मॅडम, उद्या गुरुवार. रुक्मिणबाईंचा अकरावा नंबर आहे. नऊला येऊन बसा."

त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं. आता सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "येते."

मग काकूंकडं वळली. "काकू, गोळ्या नाहीत घरात. तुम्हाला नुसत्या मुंग्याच येतात का?"

"मुंग्या येतेत, अन्..." काकू जरा थांबल्या. "चढावर दम लागतो जरासा. वयाचं हाय ते."

"उद्या सहाच्या गाडीनं चला माझ्यासोबत."

"अगं, कालवड हाय, कोण बघंल?"

"अण्णा बघतील."

दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत जाताना काकू दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा बाभळीखाली. गीतांजली उभी राहिली, आणि गाडी येताना दिसली तरी त्यांना उठा म्हणाली नाही. हात दाखवत एकटीच पुढं गेली, गाडीच्या दारात एक पाय ठेवून उभी राहिली आणि कंडक्टर ओरडत असताना काकू सावकाश येईपर्यंत तशीच राहिली.

दवाखान्यात दीड वाजला तरी आठवाच नंबर आत होता. काकूंनी शेजारच्या बाईचं गाव, तिच्या सुनेचं माहेर, सगळं विचारून घेतलं. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दोघींत वाटून खाल्ली. "बसायला लई बेस हाय हितं," त्या म्हणाल्या. "पंखा बी हाय. तुझी माय असती तर तिला हे सांगून सांगून थकले असते."

अडीचच्या सुमाराला भुजंगनं रजिस्टरवर पेन ठेवून हाक मारली.

"रुक्मिणबाई अण्णाराव!"

काकूंनी चमकून गीतांजलीकडं पाहिलं. सगळ्या बाकांवरची माणसं इकडंतिकडं बघू लागली, कोण उठतंय म्हणून. त्यानं पुन्हा नाव घेतलं, मोठ्यानं. गीतांजली उठून टेबलाशी गेली.

"त्या नाहीत."

भुजंगनं मान वर केली नाही. पुढचं पान उलटत म्हणाला, "मग पुढच्या महिन्यात टाकू का, मॅडम? नेहमीसारखं?"

"नको. त्या वारल्या. त्यांच्या नंबरावर ह्यांना घ्या. भीमाबाई नाव आहे. ह्यांनाही दम लागतो."

त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, मग बाकावर पिशवी सावरत उठणाऱ्या काकूंकडं. त्यानं नावावर एक रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात भीमाबाई लिहिलं.

काकू आत गेल्या. रजिस्टर उघडंच होतं. रेघ हलक्या हातानं मारलेली होती. खालचं नाव सहज वाचता येत होतं.