मागच्या चाकांचे आर्म

आमोदने आपली सेडान खाली बसवून घेतली, तेव्हा वारज्यातल्या त्याच्या सोसायटीत एकालाही त्यात अर्थ दिसला नव्हता. चांगल्या गाडीच्या स्प्रिंगा काढायच्या, आखूड स्प्रिंगा टाकायच्या आणि मग प्रत्येक स्पीडब्रेकरवर जीव मुठीत धरून ती तिरकी काढायची. तेही पुण्यात! तळमजल्यावरच्या आजोबांनी फाटकाशी थांबून विचारलंही, "काय हो, चारी चाकांतली हवा एकदमच गेली का?" आमोद हसला होता. रविवारी सकाळी तो गाडी धुवायचा, टायरना पॉलिश लावायचा आणि मग चार पावलं मागे जाऊन पाहत राहायचा. लग्न ठरलेल्या मुलीकडेही कुणी इतकं पाहत नसेल.

आता तीच गाडी अयानच्या गॅरेजात तोंड फुटून उभी होती. तिचे पार्ट निवडायला आमोद बाबांना घेऊन रिक्षातून निघाला होता. खरं म्हणजे बाबाच त्याला घेऊन निघाले होते. "गाडी मी ठोकली, तर पार्टही मीच बघून घेणार," असं त्यांनी सकाळी चहा पितानाच जाहीर केलं होतं, आणि रंगनाथरावांनी एकदा जाहीर केलं की मग त्यात बदल होत नसे.

रंगनाथराव एसटीत ड्रायव्हर होते. स्वारगेट डेपो, कोल्हापूरची गाडी. सगळी नोकरी त्यांनी एका ओरखड्याविना काढली, आणि त्याबद्दल मिळालेला बिल्ला बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वरच लावलेला होता. रिक्षात बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. रिक्षावाल्याला दोन सूचना दिल्याशिवाय त्यांचा प्रवास पुरा होत नसे. अपघातानंतर मात्र ते बदलले. आत्ताही ते रिक्षात बाहेर न पाहता स्वतःच्या हातांकडे पाहत बसले होते. आमोदने ते पाहिलं आणि मान वळवली.

अपघात झाला त्या दिवशी आईला, म्हणजे दुर्गाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. आमोदची ऑफिसची मीटिंग संपता संपेना, म्हणून बाबा म्हणाले, मी नेतो. वारज्याच्या पुलाकडे उतारावर एक पाण्याचा टँकर गळत गळत गेला होता. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला, अगदी हलका. गाडीचं मागचं अंग सटकलं, ती फिरली आणि दुभाजकावर आदळली. आईचा हात मोडला. बाबांना खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी लायसन्स कपाटात ठेवून दिलं. संध्याकाळी स्वारगेटला जुन्या ड्रायव्हरांचा अड्डा जमायचा, तिथे जाणं बंद केलं. आईचा हात गळ्यात, म्हणून तिची वेणी ते स्वतः घालायचे. एकदा वेणी घालता घालता ते म्हणाले, "आता नजर गेली माझी. हातही गेले. तुझा हात मीच मोडला." आमोद दारात उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि फोन आल्यासारखं करून तो गॅलरीत गेला.

कारण त्याला ठाऊक होतं.

गाडी खाली बसवली की मागची चाकं दोन प्रकारे बिघडतात, हे अयानने त्याला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. एक म्हणजे ती वरून आत झुकतात. तो कॅम्बर. दुसरं म्हणजे ती सरळ पुढे न पाहता फाकतात, पाय फाकवून चालणाऱ्या माणसासारखी. तो टो. दोन्हींसाठी लांबी कमीजास्त करता येणारे वेगवेगळे आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्या, लागतात. "कॅम्बर दिसतो, टो दिसत नाही," अयान म्हणाला होता. "पण जीव टो घेतो. दोन्ही टाक." टोचे आर्म यायला पंधरा दिवस लागणार होते आणि रविवारी खाली बसवलेल्या गाड्यांचा मेळावा होता. आमोदने कॅम्बरचे तेवढे बसवून घेतले. चाकं कमानीखाली ताठ उभी राहिली, फोटो झकास आले, आणि टोचं काम "नंतर बघू" या खात्यात जाऊन पडलं. त्या खात्यातलं पुढे काय होतं ते सर्वांना माहीत आहे.

एवढंच असतं तर आमोदने स्वतःची कशीतरी समजूत घातली असती. पण त्या सकाळी किल्ली घेताना बाबा म्हणाले होते, "परवा चालवली तेव्हा हिचं मागचं अंग हलकं वाटलं रे मला."

"स्पोर्टी आहे ती, बाबा. तशीच असते."

"मागचे टायर आतल्या बाजूने पाहिलेस का? मला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही."

"पाहिले," आमोद म्हणाला होता. लॅपटॉपवरची नजरही त्याने वर उचलली नव्हती.

डेपोत अशी पद्धत होती की फिटरने "पाहिलं" म्हटलं की ड्रायव्हर गाडी काढायचा. पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान. बाबांनी आयुष्यभर त्या एका शब्दावर गाड्यांच्या गाड्या भरून माणसं नेली. आपल्या मुलाच्या शब्दावरही ते तसेच निघाले. गाडी अयानकडे आणल्यावर आमोदने पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं. टायर बाहेरून कोरे करकरीत होते, पॉलिशने चमकत होते. आतली कड पार घासून तार उघडी पडली होती.

"बाबांना सांगू नकोस," त्याने अयानला विनवलं होतं.

"मी आपणहून काही बोलणार नाही," अयान म्हणाला होता. "पण काकांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

अयानच्या आजोबांचं, दादामियाँचं, नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि रंगनाथरावांनी आपल्या पहिल्या स्कूटरचा क्लचप्लेट तिथूनच घेतली होती. त्यामुळे गॅरेजात पाऊल टाकताच त्यांना खुर्ची मिळाली, पंखा त्यांच्याकडे वळला आणि चहा सांगितला गेला. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"दाखव," ते म्हणाले.

अयानने काउंटरवर दोन खोकी उघडली. दोन्हींत लोखंडी दांड्या, मध्ये पिळून लांबी बदलायची सोय. "हे चांगल्या रबर बुशचे. आवाज नाही, रोजच्या वापराला बरे. आणि हे रेसवाले. बुश नाही, सगळं लोखंड. पक्के आहेत, पण आपल्या रस्त्यांवर दोन महिन्यांत खडखडायला लागतात."

"बुशवाले," आमोद घाईने म्हणाला. "हेच दे. झालं."

"थांब." बाबांनी दांडी उचलली, वजन पाहिलं, पिळून पाहिली. "हे कुठे बसतं?"

"मागे, काका. टोचा आर्म आहे."

"मागे?" बाबांनी गाडीकडे पाहिलं. तिचा बंपर, दिवा, बॉनेट, सगळं पुढचं गेलं होतं. "मी पुढून ठोकली. मग मागचं काय तुटलं?"

अयानने आमोदकडे पाहिलं आणि मग तो खोक्यावरची धूळ पुसायला लागला. खोक्यावर धूळ नव्हती.

"असंच, बाबा," आमोद म्हणाला. "गाडी उघडलीच आहे तर..."

"उघडलीच आहे तर," बाबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. माझ्यामुळे उघडली. जे जे लागेल ते करून घे. मला तर आता काही कळेनासंच झालंय. इतकी वर्षं चालवली, आणि ब्रेक किती दाबायचा तेवढंही पायाला कळलं नाही बघ." ते हे अयानला सांगत होते, हसत हसत, परक्याजवळ स्वतःची थट्टा करावी तसं. "घाटात बैल आडवा आला होता एकदा, तेव्हासुद्धा..." त्यांनी दांडी हळूच खोक्यात ठेवली.

आमोदला वाटलं, आत्ता बोललो नाही तर आपण या माणसाला जन्मभर पुरून ठेवू.

"बाबा, तुमचा पाय बरोबर होता," तो म्हणाला. "मागची चाकं फाकलेली होती. हा आर्म मी तेव्हाच टाकायला हवा होता. अयानने सांगितलंही होतं. टायर आतून संपले होते. ओल्या रस्त्यावर ती गाडी कुणाच्याही हातून फिरलीच असती."

बाबांनी हळू विचारलं, "पण तू तर पाहिले म्हणालास."

"नव्हते पाहिले."

अयान आत निघून गेला. आमोद उभा राहिला. त्याला वाटलं, आता भर गॅरेजात एक मुस्काटात बसेल, आणि बसली तर फार बरं होईल. बाबा उठले. ते चालत गाडीच्या मागे गेले. काढून ठेवलेलं चाक भिंतीला टेकवलेलं होतं, त्याच्या आतल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. तार बोटाला लागली असावी, कारण त्यांनी ते झटकलं. मग दोन्ही हात पुढे धरून ते उलटेपालटे करून पाहत राहिले.

"म्हणजे हात ठीक आहेत माझे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ठीक आहेत, बाबा."

"नजरही ठीक आहे."

"हो."

एवढे दिवस आपण त्यांच्याकडून नेमकं काय काढून घेतलं होतं, ते आमोदला तेव्हा कळलं. माफी मागायची म्हणून त्याने जे काही मनात जुळवलं होतं ते सगळं त्याला फालतू वाटायला लागलं. बाबांनी खिशातून फोन काढला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकून, अर्ध्या वारज्याला ऐकू जाईल अशा आवाजात घरी लावला.

"अगं ऐकतेस का? माझी चूक नव्हती! ब्रेक बरोबर मारला होता मी. अयानकडेच आहे, आत्ता कळलं."

"मी म्हणतच होते," आईचा आवाज आला. मग ती थोडी थांबली. "मग कुणाची चूक होती?"

बाबांनी आमोदकडे पाहिलं. रागाने नव्हे. अनोळखी माणूस पत्ता विचारायला आला की आधी त्याला नीट पाहून घ्यावं, तसं पाहिलं.

"टायरची," ते म्हणाले.

"बघा! त्या आमोदला सांगा, यापुढे चांगले टायर घेत जा म्हणावं. बिचारा रोज इतका घासत बसतो त्यांना."

"सांगतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

"आई म्हणतेय," ते आमोदला म्हणाले, "चांगले टायर घे."

"हो," आमोद म्हणाला.