लिंबाखालचा खडा

या, जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा; भूमकडच्या माळावरची एक गोष्ट सांगतो.

रामहरी गुरुजी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना डोंगर दाखवायला नेत. चढण्याआधी प्रत्येकानं पायथ्याच्या लिंबाखाली एक खडा ठेवायचा, उतरल्यावर उचलायचा. ही रीत त्यांना कडूबाई धनगरणीनं शिकवलेली. तिला आकडे येत नव्हते, पण खड्यांच्या हिशेबानं तिचं एक कोकरू कधी रानात राहिलं नाही.

गुरुजींच्या निवृत्तीला महिना उरला होता. त्या दुपारी वाळल्या गवताला कुठून तरी आग लागली आणि पोरं धुरातून धावत खाली आली. सोबत आलेल्या दैवशाला मॅडमनी डोकी मोजली.

"तेवीस. भरली, गुरुजी! चला गावात."

लिंबाखाली एक खडा उरला होता.

"घाईत विसरलं असेल कुणी," मॅडम म्हणाल्या.

"मुठी उघडा रे सगळ्यांनी," गुरुजी म्हणाले.

धाकट्या हर्षालीची मूठ रिकामी.

"म्या ठिवलाच न्हाय, गुरुजी. नंतर आले, दादाच्या मागं."

हर्षालीचं डोकं मोजणीत जादा धरलं गेलं होतं. म्हणजे खडा ठेवलेल्या तेविसातलं एक वरच होतं.

"वैष्णवी न्हाय!" कुणीतरी ओरडलं.

"मॅडम, पोरं गावात न्या, माणसं धाडा."

"अहो, वारा फिरला तर?"

"म्हणून तर आत्ताच जातो."

गुरुजी धुरात एकटेच चढू लागले; तोंडात विठ्ठलाचं नाव, डोळ्यांना धार. वैष्णवी म्हणजे वर्गातली अखंड बडबड. आग दिसली तर काय करायचं ते दर वर्षी सांगितलं. त्या बडबडीत पोरीनं ऐकलं असेल का? हाका मारल्या. उत्तर नाही. बाहीला झळ लागली, तरी ते वळले नाहीत.

वळणापलीकडे उघड्या कातळावर वैष्णवी बसली होती. बाटलीतल्या पाण्यानं भिजवलेली ओढणी नाकाला, भोवतीचं गवत जळून काळं.

"पळाली का न्हाईस गं?"

"तुमीच म्हणलात, जाळापुढं पळायचं न्हाय, कातळ गाठायचा." ती खोकली. "गुरुजी, माझा खडा कुणी उचलला न्हाय ना?"

"न्हाय गं माय. हाय तिथंच हाय."

खाली येऊन तिनं तो उचलला, तेव्हा कुठं गुरुजी लिंबाखाली मटकन बसले.

तर माझ्या मायबापांनो, पोरं घेऊन रानात जाल तेव्हा गुरुजींचं नाव नाही घेतलं तरी चालेल, त्यांचंच तसं म्हणणं आहे. खडे मांडणाऱ्या कडूबाईची मात्र आठवण ठेवा.