नळीत फुटलेला गोळा

तोफेचा गोळा नळीतच फुटून चार जवान गेले, तेव्हा त्या अपघाताचा चौकशी अहवाल टाइप करायला राजधानीतल्या संरक्षण कचेरीत टायपिस्ट असलेल्या प्रमोदिनीकडे आला. गोळ्यांचा अख्खा साठाच सदोष आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण अहवालावर 'अतिगोपनीय' शिक्का बसला आणि वर्तमानपत्रांत छापून आलं ते 'जवानांचा हलगर्जीपणा' म्हणून.

साठा सीमेवर तसाच होता. तिनं वरिष्ठांना लेखी कळवलं, पुन्हा कळवलं. 'आपल्या कामाशी काम ठेवा,' असं उत्तर आलं. तेवढ्यात दुसऱ्या चौकीवर गोळा फुटला आणि एका जवानाचे दोन्ही हात गेले. त्याच आठवड्यात तिनं अहवालाची प्रत एका वार्ताहराला दिली. चौक्यांची ठिकाणं असलेली पानं तेवढी काढून ठेवली.

बातमी आली आणि कचेरीत एकच गहजब उडाला. संशय शेजारच्या टेबलावरच्या श्रीरंगवर गेला, त्याला सस्पेंड केलं. हे कळताच प्रमोदिनी उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"श्रीरंग नहीं, सर. मैंने दिया."

साहेब दचकले. मग समजुतीनं म्हणाले, "लिख दीजिए, ग़लती से चला गया. बात यहीं ख़त्म."

"ग़लती से नहीं गया."

गाझियाबादच्या घरी वडील वाट पाहत होते. अण्णासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"गुपित ते गुपित, पमे! आम्ही जीव दिला असता, पण कागद दिला नसता."

"तो जीव तुमचा होता, अण्णा. हे दुसऱ्यांचे आहेत."

"आणि आपल्या तोफा दगा देतात, हे शत्रूला कळलं त्याचं काय?"

हाच प्रश्न तिला कित्येक दिवस छळत होता. "कळलं असेल," ती म्हणाली. "पण तोफेमागे उभ्या असलेल्या पोराला कळायला नको?"

अण्णा जेवले नाहीत.

तिची नोकरी गेली, खटला उभा राहिला. दरम्यान सदोष साठा गुपचूप माघारी आला. जवानांवरचा ठपका मात्र कुणी पुसला नाही. श्रीरंग कामावर परतला, पण तिच्याशी बोलेना.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "पछतावा है? माफ़ी माँगेंगी, तो सज़ा कम हो सकती है."

"पछतावा है," ती म्हणाली. "चिट्ठियाँ लिखने में वक़्त गँवाया, उसका. उस जवान के हाथ बच जाते."

एक वर्षाची कैद झाली. पोलीस तिला न्यायला आले तेव्हा अण्णा काठी टेकत पुढे आले.

"मला अजून पटलेलं नाही," ते म्हणाले. "पण अपील करायचं."

"करू. माफीनाम्यावर सही मात्र करणार नाही."

"कर म्हटलंय कोणी?" अण्णा गुरगुरले.